बसरेवाले

सप्टेंबर आला की मला भाषणाचं बोलावणं येतं. आमच्या वडूजला ९ तारीख कुणाला समजावून सांगावी लागत नाही. १९४२ साली याच दिवशी मामलेदार कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या मोर्चावर इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मोर्चाच्या पुढे असलेल्या परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. आणि दुसऱ्या दिवशी, १० तारखेला, अब्दुल हमीद यांचा शहीद दिन. १९६५, खेमकरण, जीपवर बसवलेली तोफ, पॅटन रणगाडे. पहिल्या दिवसाचं भाषण कुणीही करतं. दुसऱ्या दिवसाचं माझ्याकडे येतं. "मॅडम, त्यांच्यावर तुम्हीच बोला."

मी बोलते. मनापासून बोलते. ऊसाच्या शेतात जीप लपवून समोरून येणाऱ्या रणगाड्याची वाट बघणारा तो माणूस मला दरवर्षी नव्याने दिसतो. पण त्या "तुम्हीच"मध्ये काहीतरी टोचतं. अब्दुल हमीद गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचे. माझ्या गावचे नाहीत, नात्यातले नाहीत. ज्यांनी त्यांना परमवीर चक्र दिलं त्या अख्ख्या देशाचे ते. मग त्यांचं नाव घेऊन हजेरी फक्त मीच का लावायची? बोलावणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर उलट बोलता येत नाही.

तीन-चार वर्षांपूर्वी मी ठरवलं की या वेळी आपल्या घरचा माणूस सांगायचा.

माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात होते. आमच्या घरात त्यांना कुणी नावाने ओळखत नाही. ते 'बसरेवाले'. दादी त्यांची सून. तिने त्यांच्या तोंडून ऐकलेलं तिच्या तोंडून मी ऐकलं. तिची सुरुवात ठरलेली: "बाईस बरस का छोरा गया, बुड्ढा होको आया." मध्ये फक्त चार वर्षं गेली होती.

खटाव-माणचा माणूस पलटणीत का जायचा, हे इथल्या कुणालाही विचारा. येरळेला पाणी असलं तर असलं, नाहीतर वाळू. पगार आणि पोटभर जेवण एवढं कारण पुरेसं होतं. त्या काळच्या मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असायच्या. हे सांगितलं की आजही लोक चमकतात. पणजोबा ११७ नंबरच्या मराठा पलटणीत होते.

मुंबईहून बोटीने बसरा, तिथून टायग्रिस नदीच्या काठाकाठाने बगदादच्या दिशेने. बगदाद हाती लागलं नाही. मागे फिरलेली फौज कूत नावाच्या गावात अडकली आणि ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांचा वेढा पडला. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. वेढा १४७ दिवस चालला. त्यांना सोडवायला गेलेल्या फौजेचे सुमारे २३ हजार जवान मारले गेले किंवा जखमी झाले, तरी वेढा उठला नाही. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसं शरण गेली.

आता यातली आमच्या घरातली गोष्ट. शिधा संपत आला तेव्हा जनरल टाउनशेंडने घोडे कापायला लावले. गोऱ्यांनी खाल्लं. आपल्या माणसांनी, हिंदू असोत की मुसलमान, हात लावला नाही. मग हिंदुस्तानातून धर्मगुरूंचे बिनतारी संदेश मागवले, की जीव वाचवायला चालेल. तरी कितीतरी जणांनी नाहीच खाल्लं. त्यांना भीती होती ती घरी परतल्यावर भाऊबंद काय म्हणतील याची. पणजोबांनी शेवटी शेवटी खाल्लं. बाजूला झोपणारा, याच तालुक्यातला मराठ्याचा पोरगा, त्याने खाल्लं नाही, आणि एका सकाळी तो उठला नाही. पणजोबा परत आल्यावर त्याच्या आईला भेटायला गेले. काय बोलले ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर ते आयुष्यात टांग्यात बसले नाहीत. वडूजहून कुठेही जायचं तर पायी. दादी म्हणायची, घोड्याच्या डोळ्याला डोळा देत नव्हते.

दुसरी गोष्ट दादी हळू आवाजात सांगायची. समोर कोण होतं? तुर्कस्तानचा सुलतान, मुसलमानांचा खलिफा. हिंदुस्तानातल्या कितीतरी मशिदींत जुम्म्याच्या खुतब्यात त्याचं नाव घेतलं जायचं. नोव्हेंबर १९१४ मध्ये त्याच्या बाजूने जिहादचा पुकारा झाला होता. वेढ्यात तुर्कांनी हिंदुस्तानी भाषांतली पत्रकं टाकली, की इंग्रजांना सोडा, आमच्याकडे या. काही जण गेलेही. पणजोबा गेले नाहीत. पुढे कैदेत वाळवंटातून चालवत नेलं, रास अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर लावलं, तिथे काही तुर्क अधिकारी मुसलमान कैद्यांना वेगळं काढायचे, बरं वागवायचे. त्याबद्दल विचारलं की पणजोबांचं एकच उत्तर: "भाकरी एकाच तव्यावरची खाल्ली होती." हे वाक्य दादी मराठीतच सांगायची, कारण ते मराठीतच बोललं गेलं होतं.

ते परत आले तो खिलाफत चळवळीचा काळ. गावोगाव सभा. मशिदीत कुणीतरी त्यांना विचारलं, खलिफाच्या फौजेवर गोळी झाडून आलास ना? ते महिनाभर नमाज घरीच पढले. म्हणजे एका बाजूने हा प्रश्न. आणि पुढे, बेचाळीसच्या चळवळीत, दुसऱ्या बाजूने प्रश्न, की इंग्रजांचं मीठ खाल्लंस ना?

हे सगळं मी मुलांना सांगितलं. तेव्हा आठवीतल्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, आपल्या नऊ जणांना मारलं त्याच सरकारच्या फौजेत ते होते. मग त्यांना मान कसा द्यायचा?"

प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळला नाही. मी म्हटलं, १९४१ मध्ये आफ्रिकेत केरनच्या डोंगरावर आपल्या मराठा पलटणी लढल्या, आणि दुसऱ्याच वर्षी इथे कचेरीसमोर गोळीबार झाला. एका घरातला थोरला तिकडे आणि धाकटा मोर्चात, अशी घरं या जिल्ह्यात होती. थोरल्याचं युद्ध त्याने निवडलेलं नव्हतं. धाकट्याने स्वतःचं निवडलं, म्हणून स्मारक धाकट्याचं, आणि ते योग्यच आहे. पण थोरल्याचं नावही घ्यायचं नाही?

त्यावर पहिल्या रांगेतली मुलगी म्हणाली, "त्यांचं नाव काय होतं?"

आणि मी गप्प. अर्धा तास बोलले होते, एकदाही नाव घेतलं नव्हतं, कारण मला ते माहीतच नव्हतं.

या युद्धातल्या आपल्या माणसांचं असंच झालंय. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात गेले. आकडा जिल्ह्यात सगळ्यांना पाठ, नावं कितींना? महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत जुनी संगमरवरी फरशी दिसते: या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज शिपायांची नावं कोरली आणि हिंदुस्तानी अधिकाऱ्यांची कोरली. हिंदुस्तानी शिपायांचा पलटणीखाली फक्त आकडा. फ्रान्समध्ये नव शापेलला मात्र ४,७०० हून अधिक हिंदुस्तानींची नावं आहेत. म्हणजे नाव लिहिता येत होतं. २०२१ मध्ये युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने अहवाल काढून हा भेदभाव कबूल केला आणि ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. ती वाचताना मला राग आला तो स्वतःचा. लंडनचं सोडा, आमच्या घरी कोणी विसरायला लावलं होतं?

पणजोबांचं चांदीचं पदक होतं. त्या पदकांच्या कडेवर नंबर, नाव, पलटण कोरलेली असायची. एका दुष्काळात ते सोनाराकडे गेलं, वितळलं, आणि घरातला एकमेव लिखित पुरावा गेला.

नाव शेवटी सापडलं ते तलाठ्याकडे, जुन्या फेरफारात. मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी वाचून दिलं. 'मयत' असा शेरा आणि खाली वारस. अब्बांना फोनवर सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, माझ्या थोरल्या भावाला हेच नाव ठेवलं होतं, तो लहानपणी गेला, मला वाटायचं ते त्याचंच.

पुढच्या ९ सप्टेंबरला शाळेत नऊ हुतात्म्यांची नावं वाचली. आदल्या आठवड्यात मी मुलांना सांगितलं होतं, घरात विचारा, कोण कुठल्या लढाईत होतं, चिठ्ठीवर लिहून आणा. बावीस चिठ्ठ्या आल्या. पासष्टचे, एकाहत्तरचे, एक कारगिलचे. मी पणजोबांचं नाव घेतलं, मग एकेक चिठ्ठी वाचत गेले. दुसऱ्या दिवशी अब्दुल हमीदांवरचं भाषण नववीतल्या एका घाडग्यांच्या मुलीने केलं, चांगलं केलं.

चिठ्ठ्यांतली शेवटची वहीच्या फाटक्या पानावर होती. "आजीचे चुलते. आफ्रिकेत गेले. नाव माहीत नाही. आजी विचारते आहे." मी ती तशीच वाचली.