सांड्याचे बंद दार

आगाशीच्या जिनालयात श्री मुनिसुव्रतस्वामींचे दर्शन घेताना भाविकांची दृष्टी प्रभूंच्या लांछनाकडे, कासवाकडे जाते. संकटाची चाहूल लागताच अंग आवरून घेणारा हा जीव. त्याच सरपटणाऱ्या वर्गातील आणखी एक जीव असाच स्वतःला आवरून राहतो. तो म्हणजे वाळवंटातील सांडा. आगाशीच्या वाड्यांत तो आढळत नाही. मात्र येथून कच्छमधील अबडासा पंचतीर्थीला जाणारे यात्रिक नलियाला थांबतात, तेथील माळरानात त्याची बिळे आहेत.

काटेरी शेपटीच्या या सरड्याची रीत निराळी आहे. बहुतेक सरडे कीटकांवर जगतात. प्रौढ सांडा मात्र मुख्यतः गवत, पाने व फुले खातो. पिल्ले तेवढी कीटकही खातात. सकाळी त्याचे अंग काळपट असते; ऊन शोषून तापले की रंग फिका होतो. प्रत्येकाचे बीळ स्वतंत्र असते. सायंकाळी आत शिरून तो बिळाचे तोंड मातीने बंद करतो, आणि थंडीचे महिने आतच निपचित काढतो.

हेच बंद दार पारध्याला त्याचा ठावठिकाणा सांगते. बीळ खणून त्याला बाहेर काढतात, पळू नये म्हणून जिवंतपणीच त्याचा कणा मोडतात, आणि शेपटीच्या मुळाशी साठलेली चरबी वितळवून 'सांड्याचे तेल' विकतात. सांधेदुखीवर व शक्तिवर्धक म्हणून त्याची ख्याती आहे. पण ते तेल म्हणजे केवळ चरबी असून, तिचा असा कोणताही गुण सिद्ध झालेला नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार सांड्याची शिकार व त्याच्या तेलाचा व्यापार हा गुन्हा आहे.

कायदा पुष्कळ नंतरचा. आपल्या शास्त्राने हा विचार फार पूर्वी केला. 'जीवविचार' शिकलेल्या मुलालाही स्थलचरांचे तीन भेद ठाऊक असतात: चतुष्पद, उरपरिसर्प आणि भुजपरिसर्प. सरडा भुजपरिसर्प, म्हणजे पंचेंद्रिय जीव. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत रसवाणिज्य येते. हेमचंद्राचार्यांनी 'योगशास्त्रा'त त्याचा अर्थ सांगताना लोणी, मध व मद्य यांच्याबरोबर वसा, म्हणजे चरबीही, गणली आहे.

प्रतिक्रमणात 'वंदित्तु' म्हणताना या कर्मादानांचा उच्चार आपण सारेच करतो. प्रश्न दुकान उघडल्यानंतरचा आहे. मालिशच्या तेलाची एखादी बाटली चांगला नफा देते, गिऱ्हाईक स्वतःहून मागते, आणि आपण न ठेवली तर शेजारचा ठेवील, असे मन सांगू लागते. खतावणीत तो नफा जमेच्या बाजूला दिसेल. कर्माच्या हिशेबात तो नावेच पडतो. म्हणून माल भरताना तेलात काय आहे हे विचारावे, उत्तर संशयास्पद वाटल्यास बाटली परत करावी, आणि गिऱ्हाइकाला कारण शांतपणे सांगावे.

सांडा आपले दार मातीने लावून घेतो. ते कोणी खणू नये, यासाठी व्यापाऱ्याने आपले दार त्या मालाला बंद ठेवावे. माळरानापासून शेकडो कोस दूर असलेल्या आगाशीच्या पेढीवर बसूनही ही जीवदया साधता येते.