नातीची मायनर आणि आपली जयणा



माझी नात अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्स शिकते. मध्यंतरी फोनवर म्हणाली, ‘दादी, मी न्यूरोसायन्सची मायनर घेतेय.’ मी बी.कॉम. झालेली, मला ते दुकानाच्या भाषेत कळले. मेजर म्हणजे मुख्य धंदा, मायनर म्हणजे जोडधंदा. पदवी कॉम्प्युटरचीच, सोबत मेंदू आणि मज्जासंस्थेचे पाच-सहा पेपर करायचे. 2020 च्या शैक्षणिक धोरणामुळे आपल्याकडच्या कॉलेजांतही मेजर-मायनर आले आहे. उद्या इथे अकोल्यात तुमच्या घरीही हा शब्द येईल, म्हणून लिहिते.

तिने मेंदूच का निवडला, ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या सासूबाईंना शेवटची काही वर्षे विस्मरणाचा आजार होता. जेवण होऊन हात धुतले की ‘मला वाढलंच नाही’ म्हणायच्या. मला विचारायच्या, ‘तुम्ही कुणाकडच्या?’ पण संध्याकाळी मुहपत्ती बांधून आसनावर बसवले की नवकार आणि लोगस्स न अडखळता म्हणायच्या. नात तेव्हा शाळेत होती. ती विचारायची, ‘बडी दादींना माझं नाव आठवत नाही, मग लोगस्स कसा आठवतो?’ आमच्यापैकी कुणालाच सांगता यायचे नाही.

आता तीच मला सांगते. 1953 साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाचे फेफरे थांबावे म्हणून मेंदूचे ऑपरेशन झाले. त्यात हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बराचसा काढला गेला. फेफरे कमी झाले, पण त्यानंतर घडलेले काही त्याच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या शास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, आणि आदल्या दिवशी गिरवल्याचे मात्र त्याला आठवत नसे! म्हणजे आठवणींचे खाते एकच नसते. सकाळी काय जेवलो ते एका खात्यात, आणि हाताजिभेला बसलेले वळण दुसऱ्या खात्यात. विस्मरणाच्या आजारात बहुधा पहिले खाते आधी रिकामे होते. सासूबाईंनी लहानपणापासून रोज म्हटलेला लोगस्स दुसऱ्या खात्यात जमा होता.

मी तिला तत्त्वार्थसूत्रातल्या मतिज्ञानाच्या चार पायऱ्या सांगितल्या. काहीतरी आहे एवढेच कळणे हा अवग्रह, ते काय असेल याचा शोध ही ईहा, निश्चय होणे हा अवाय आणि ते मनात टिकणे ही धारणा. ती म्हणाली, ‘दादी, आमचे धडेही जवळपास याच क्रमाने जातात.’ दोन्ही एकच आहे असे मी म्हणत नाही. तिथे आत्म्याचा विचार आहे, इथे पेशींचा. पण आपली मुलगी परक्या मुलखात गेली नाही, एवढे समाधान वाटले.

खरा प्रश्न अहिंसेचा. स्थानकात एकीने विचारलेच, ‘उंदीर कापावे लागतील ना?’ आपल्याकडे प्राणिशास्त्राच्या वर्गातले विच्छेदन बंद करायला विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 साली सांगितले. तिकडे तसे सरसकट नाही. नातीने नाव नोंदवण्याआधी प्रत्येक पेपरात काय करावे लागते ते विचारून घेतले. प्राण्यांवरचे प्रयोग असलेले पेपर सोडले. माणसाच्या डोक्याला टोपी लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजतात तो पेपर घेतला, आणि कॉम्प्युटरवर पेशींचे नमुने करायचा दुसरा.

तरी एक गोष्ट उरते. एरिक कँडल यांना स्मृतीवरच्या कामासाठी 2000 साली नोबेल मिळाले, ते काम समुद्री गोगलगाईवर झाले होते. पुस्तकातले असे पुष्कळ ज्ञान जीवांना त्रास देऊनच आलेले आहे. ‘करणं नाही, करवणं नाही, पण अनुमोदन होतं का, दादी?’ हे तिनेच विचारले. चातुर्मासासाठी आलेल्या महासतीजींपुढे मी हा प्रश्न ठेवला. त्या म्हणाल्या, ‘जिला हा प्रश्न टोचतो, तिची जयणा जागी आहे. तो टोचत राहू द्या.’

पाणी गाळताना, गॅस पेटवताना जी जयणा आपण पाळतो, तीच विषय निवडताना मुलींना शिकवू या. विषयाचे नाव ऐकून नको म्हणण्याआधी तो कसा शिकवतात ते विचारू या. आणि नातवंडांना नवकार, लोगस्स आत्ताच पाठ करून द्या. लहानपणी जमा केलेले म्हातारपणी कामाला येते, हे मी घरात पाहिले आहे.