गाडी पायथ्यापर्यंत जाते, पण...

शिमगा जवळ आला की ऑफिसातल्या भटक्या मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो. "अरे, तेलबैलाला गाडी पायथ्यापर्यंत जाते का?"

जाते. फाल्गुनात तर मजेत जाते. पण हल्ली मला हा प्रश्नच अर्धवट वाटायला लागलाय. म्हणून या वीकेंडला जरा सविस्तर लिहितोय.

ज्यांनी तेलबैला पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लोणावळ्याच्या दक्षिणेला, घाटमाथ्याच्या अगदी कडेला, पावाच्या दोन स्लाईस उभ्या करून ठेवाव्यात तशा दोन कातळभिंती आहेत. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून आपलं दख्खनचं पठार झालं. त्या थरांना उभ्या भेगा पडल्या आणि खालून आलेला लाव्हा त्यात घुसून घट्ट झाला. पुढे आजूबाजूचा दगड झिजून गेला, हा टणक दगड मात्र उभा राहिला. भूशास्त्रवाले याला डाईक म्हणतात. आम्ही क्लाइंबिंगवाले त्याला स्वर्ग म्हणतो. असो.

रस्ता असा: लोणावळा, भुशी धरण, लायन्स पॉइंट, कोरीगडाखालचं पेठ शहापूर, मग ॲम्बी व्हॅलीला वळसा, सालतर, आणि पुढे फाट्यावरून आत तेलबैला गाव. सगळं मिळून तीस-पस्तीस किलोमीटर. पावसाळ्यात इथे धुक्यात समोरच्या गाडीचे दिवे दिसत नाहीत आणि खड्डे पाण्याने भरलेले. फाल्गुनात यातलं काहीच नाही. मागच्या मार्चमध्ये गेलो तेव्हा शेवटच्या टप्प्यात उखडलेली खडी आणि लाल धुरळा तेवढा होता. पळस, पांगारा, काटेसावर फुललेले, आभाळ स्वच्छ. कुणालाही वाटावं, याहून चांगला सीझन नाही.

गोम इथेच आहे. रस्ता जेव्हा सगळ्यात सोपा, तेव्हाच भिंत सगळ्यात अवघड होत असते.

एक तर ऊन. अकरानंतर काळा कातळ असा तापतो की होल्डवर हात टेकवत नाही. दुसरं, वाळलेलं गवत आणि घसारा. पाय ठेवला की खालचं सगळं सुटतं. आणि तिसरी, आग्या माशी. जिकडे फुलोरा तिकडे ही येणार, आणि हिचं घर म्हणजे कड्याच्या ओव्हरहँगखाली उघडं लटकणारं मोहोळ. एक माशी चावली की नांगीबरोबर जो वास सुटतो, तो बाकीच्यांना 'इथेच चावा' असं सांगतो. जमिनीवरचा माणूस निदान पळू तरी शकतो. दोरावरचा कुठे पळणार? आणि त्याला बिले देणारा?

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. त्या मार्चमध्ये आम्ही चौघे सकाळी सातला गावात पोचलो. ज्यांच्या अंगणात आम्ही नेहमी गाडी लावतो ते मामा म्हणाले, "आज वर जाऊ नगा पोरांनो. काल रातीपासनं पलीकडल्या अंगाला वणवा लागलाय. धूर लागला की माश्या उठत्याल." आम्ही गाडीतच पोहे खाल्ले आणि बेत बदलला. आमच्या आधी आलेला एक ग्रुप मात्र वर गेला होता. त्यांनाही मामांनी सांगितलं होतं. "एवढी गाडी चालवून आलोय, एक रूट तरी करतो," असं त्यांचं उत्तर.

साडेनऊला ओरडा ऐकू आला.

लीड करणारा मुलगा दुसऱ्या स्टेशनच्या थोडा खाली होता. त्याला बिले देणाऱ्याच्या चेहऱ्यावर, मानेवर माशा बसत होत्या. तरी त्याने दोर सोडला नाही. एकेक हात दोर सोडत मित्राला खाली उतरवलं आणि मगच स्वतः पळाला. मामा, त्यांचा मुलगा आणि आम्ही दोघे घोंगड्या गुंडाळून वर गेलो. त्या पोराला चालता येत नव्हतं, उलट्या होत होत्या. घोंगडी आणि दोन बांबूंची झोळी करून त्याला खाली आणलं.

मी सवयीने घड्याळ बघत होतो. खिंडीपासून गाव, जे आम्ही एरवी अर्ध्या तासात उतरतो, त्याला लागला दीड तास. फोनला रेंज नाही, म्हणून आमच्याच गाडीत घालून निघालो. लोणावळ्यातल्या हॉस्पिटलात पोचायला आणखी सव्वा तास. पावणेतीन तास! दोघेही वाचले. पण त्यातल्या एखाद्याला माशीची ॲलर्जी असती तर घसा सुजून श्वास बंद व्हायला इतका वेळ लागत नाही.

आमच्या धंद्यात रिलीजच्या आधी एक प्रश्न विचारतात. कोड प्रॉडक्शनवर जाईल का, हा नाही, तो जातोच. गडबड झाली तर मागे किती वेळात येणार? रोलबॅक प्लॅन नसेल तर मॅनेजर शुक्रवारी संध्याकाळी बटण दाबू देत नाही. तेच आपण शनिवारी सकाळी दोर बांधताना विसरतो. रस्ता बघायचा तो घर ते पायथा असा नाही, दुसरं स्टेशन ते हॉस्पिटल असा उलटा बघायचा.

म्हणून आता आमच्या ग्रुपचे काही नियम आहेत. आदल्या दिवशी गावात फोन करून वणवा आणि मोहोळ दोन्ही विचारायचं. गावातला माणूस नको म्हणाला तर चर्चा नाही. गाडीचं तोंड परतीच्या दिशेला, किल्ली खाली थांबणाऱ्याकडे. रेंज शेवटी कुठे मिळते ते येतानाच बघून ठेवायचं, म्हणजे १०८ ला आणि लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रच्या रेस्क्यू टीमला फोन कुठून लागेल ते माहीत असतं. अत्तर, डिओ बंद. ॲलर्जी असणाऱ्याने डॉक्टरला विचारून इंजेक्शन जवळ ठेवायचं. दहाच्या आत भिंतीवरून खाली.

आणि पाणी घरून न्यायचं, माणशी पाच लिटर. खिंडीपाशी कातळात कोरलेलं टाकं आहे, गावात विहीरही आहे. पण फाल्गुनात विहिरीचा तळ दिसायला लागतो. मामी हंडा भरून देतील, नाही म्हणणार नाहीत. पण तो हंडा त्यांनी कुठून आणलाय, हे एकदा त्यांच्याबरोबर चालून बघा. मग मागवणार नाही.