श्रीगोंद्याच्या लिंबोणी

गेल्या माघांत आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यांतील श्रीगोंद्यास गेलों, तें मनांत एक शल्य घेऊन. आमच्या परसांतील कागदी लिंबोणी, तीर्थरूपांच्या हातची, रोज बुंध्याशीं घागर ओतूनही वाळली होती. येथील बागाईतदार हें ऐकून हंसले नाहींत. त्यांनीं दुहेरी आळें दाखविलें. आंतल्या वरंब्यामुळें बुंधा कोरडा राहतो, पाणी बाहेरच्या आळ्यांत मुळांस मिळतें. ओल्या बुंध्यास डिंक्या धरतो. हस्त बहारासाठीं तर पाणी मुद्दाम तोडावें लागतें! उन्हाळ्यांत लिंबांस भाव येतो तो याच बहाराच्या. पण भाद्रपदांत झड लागली कीं ताण बसत नाहीं. वडिलांचें झाड आम्हींच बुडविलें होतें तर! परततांना राहुरीच्या कृषि विद्यापीठानें काढलेल्या साईसरबतीचें एक रोप मांडीवर घेतलें. आतां परसांत घागर वाजली कीं आम्ही ओसरीवरून हांक मारतों, "सूनबाई, बुंध्यापासून लांब!"