क्रोनट, कॉफी आणि कढईतले तेल

झाशीहून खजुराहोच्या रस्त्याला बरुआसागर लागते. ओरछाच्या राजा उदितसिंहाने बांधलेला तलाव आणि आल्याची शेती ही त्याची ओळख. तेथील एका छोट्या कॅफेत मला कॉफीबरोबर चक्क क्रोनट मिळाला! न्यूयॉर्कच्या डॉमिनिक आन्सेल यांनी २०१३ मध्ये हा पदार्थ प्रथम विकला. पदर सुटलेले पीठ तळून केलेले हे कडे खाताना मला आपला चिरोटाच आठवला. साटा लावून घडी घालणे आपल्याला काय नवीन? कॉफी फार गोड होती.

माझे लक्ष मात्र कढईतल्या काळपट तेलाकडे होते. तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरता येत नाही, असा नियम २०१८ पासून आहे. परंतु तेलाची नोंदवही ठेवण्याचे बंधन रोज ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्यांनाच. म्हणजे अशी लहान कढई कोणत्याच कागदावर येत नाही. सारी भिस्त निरीक्षकाच्या फेरीवर.

"तेल कधी बदलता?" मी विचारले.

"बदलत नाही, साहेब. कमी झाले की वरून ओततो."

दुसरा क्रोनट मी मागवला नाही.