राजीखुशीने

वयाची साठी उलटल्यावर पहिली कादंबरी लिहावयास घेणाऱ्या माणसास स्नेहीमंडळी हमखास एक गोष्ट ऐकवितात: इतकी वर्षे इतकी माणसे पाहिलीत, तुम्हांला विषयांची काय वाण! महसूल खात्यातील नोकरीची अखेरची वर्षे मी वांद्र्यात, मुंबई उपनगर जिल्ह्याच्या दफ्तरात काढली. तंटेबखेड्यांची असंख्य प्रकरणे हाताखालून गेली. तेव्हा मलाही हे ऐकावे लागले, आणि ज्या आपुलकीने ते सांगितले गेले तिच्याविषयी मी कृतज्ञ आहे. परंतु प्रत्यक्ष लिहू लागल्यावर जे जाणवले ते निराळेच होते. अनुभवांचा तो मोठा संचय आरंभी लेखकाची वाटच अडवितो. प्रत्येक आठवण वारसाप्रमाणे पुढे येते आणि कथानकात आपला हिस्सा मागते. आणि ज्या प्रसंगाने एके काळी आपली झोप उडविली होती, तो या कादंबरीस निरुपयोगी आहे, हे स्वतःस पटवून देण्यास जे धैर्य लागते, ते कल्पनाशक्तीहून वेगळ्या जातीचे असते.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या कादंबऱ्या मी या निमित्ताने पुन्हा वाचल्या. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या २३ खंडांचा प्रचंड उद्योग शेवटास येत असताना, १९२६ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ‘गोंडवनातील प्रियंवदा’ घेऊन ते या क्षेत्रात उतरले, आणि १९३० मध्ये त्यांची ‘ब्राह्मणकन्या’ आली. या कादंबऱ्यांत चर्चा फार आणि कलाकुसर थोडी, असा आक्षेप पिढ्यान्‌पिढ्या घेतला गेला आहे, आणि तो खोटा नाही. तथापि समाजाने आखलेल्या कोणत्याच चौकटीत जिला जागा नाही अशी ‘ब्राह्मणकन्ये’तील कालिंदी जेव्हा आपला मार्ग शोधू लागते, तेव्हा ती चर्चा तिच्याच परिस्थितीतून उपजते, आणि तेथे केतकरांची विद्वत्ता मला जड वाटत नाही. उशिरा आलेल्या लेखकाजवळ माहिती असणारच. तिने पात्राच्या गरजेपुरतेच बाहेर यावे, हा दंडक मी त्यांच्या वाचनातून घेतला.

आमच्या कचेरीपासून कलानगरची साहित्य सहवास वसाहत लांब नव्हती. ‘झपूर्झा’, ‘उषःकाल’, ‘शाकुंतल’ अशी इमारतींची नावे असलेल्या त्या आवारात विंदा करंदीकर, गंगाधर गाडगीळ यांच्यासारखे थोर लेखक राहिले. त्या फाटकावरून जाता-येता मनात एक आदरयुक्त धाक असे. मात्र लिहावयास बसल्यावर आधार वाटला तो उपनगरातल्याच, पार्ल्याच्या, विजय तेंडुलकरांचा. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ ही नाटके नावावर असताना, १९९६ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली, आणि तिचे नाव त्यांनी ‘कादंबरी : एक’ एवढेच ठेवले. नाटककारास निवेदक लागत नाही. कोणाला काय ठाऊक आहे, याचा हिशेब रंगमंचावर पात्रेच देतात. कादंबरीत तो हिशेब लेखकाच्या माथी येतो. आयुष्यभर संवाद लिहिलेल्या प्रतिभावंताने त्या वयात हा भार नव्याने उचलावा, याचे मोल मला त्यांच्या कीर्तीहून अधिक वाटते.

शांता गोखले यांची ‘रीटा वेलिणकर’ १९९० साली आली तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. भाषांतर, समीक्षा आणि पत्रकारिता यांत दीर्घकाळ लेखणी झिजविल्यानंतरची ती पहिली कादंबरी. कुटुंबाचा भार वाहणारी थोरली मुलगी रीटा मनाने कोसळते, आणि वाचता वाचता ध्यानात येते की, या कोसळण्याची मुळे पुष्कळ वर्षांपूर्वी दिलेल्या एकेका मुकाट होकारात आहेत. हा होकार माझ्या परिचयाचा होता. आमच्या दफ्तरी त्यास एक ठरलेला मायना होता.

वडील वारतात, वारसनोंदीचा अर्ज येतो, आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणी भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून देतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू कुटुंबातील मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. मिठीच्या काठची दलदल भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले आणि भोवतालच्या जमिनीचे मोल कोणाच्या कल्पनेतही नव्हते इतके चढले. परंतु दस्तातील मजकूर बदलला नाही. राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणावाचून. फेरफार नोंदीवर हरकत आली, अथवा खातरजमा करणे जरूर वाटले, म्हणजे अशा बहिणीचा जबाब घ्यावयाचा. “आक्का, हितं सही कर,” असे म्हणून भाऊ कागदावर बोट ठेवी, आणि ती मला विचारी, “मॅडम, आणखी कुठं करायची?” जमिनीविषयी ती काही विचारीत नसे. भाऊबीजेला माहेरचे दार उघडे राहावे, आईच्या पश्चातही चार दिवस हक्काने जाऊन राहता यावे, एवढ्यासाठी ती जे देऊन टाकीत होती त्याची किंमत त्या कागदावर मुद्रांकापुरतीच दिसे.

जबाबाच्या भाषेविषयी मला मनःपूर्वक आदर आहे. तीत विशेषण नसते. तारीख असते, समक्ष कोण होते ते असते, आधी काय घडले आणि नंतर काय, हा क्रम असतो. आणि लिहिणाऱ्याने आपले मत मध्ये घालावयाचे नसते. कादंबरीची अनेक पाने मी याच शिस्तीने लिहिली आहेत. परंतु वाचून दाखविला, बरोबर असल्याचे सांगितले, सही घेतली, की जबाब संपतो. ती बाई जिना उतरून, गर्दी कापून, वांद्रे स्थानकावरून आपल्या घरी जाते. वाटेत तिच्या मनात काय चालते, हे कोणत्याही नस्तीत येत नाही.

आणि येथेच वयाचा खरा उपयोग मला कळला. तरुणपणी मी अशी बाई सही करताना पाहिली होती. नोकरीच्या उत्तरार्धात मी अशीच बाई पुन्हा कचेरीत आलेली पाहिली: केस पांढरे, हातात जुन्या फेरफाराची नक्कल, आणि शेजारी वाढलेला मुलगा, जो विचारतो की आईने हे सोडलेच का. त्या दोन दिवसांमध्ये एक पिढी वाढली होती. अशा गोष्टीचे एक टोक पाहून दुसरे कल्पिता येते, आणि ती प्रतिभा मोठीच. पण दोन्ही टोके डोळ्यांनी पाहिलेल्या माणसास मधला काळ दिसू लागतो, आणि माझ्या मते कादंबरीचे खरे द्रव्य तोच काळ होय.

सिसिलीच्या जुझेप्पे दि लाम्पेदुसा या सरदाराने साठीच्या उंबरठ्यावर आपली एकमेव कादंबरी लिहिली. तो १९५७ मध्ये वारला आणि पुढच्या वर्षी ती प्रसिद्ध झाली. इंग्रजीत ती ‘द लेपर्ड’ या नावाने ओळखली जाते. तिचे कथानक १८६० पासून १८६२ पर्यंत संथपणे चालते, मग एकदम १८८३ वर आणि तेथून १९१० वर उडी घेते. मधल्या वर्षांचा तपशील तो देत नाही, तरीही त्यांचे ओझे शेवटच्या प्रकरणातल्या वृद्ध बहिणींच्या घरात प्रत्येक वस्तूवर जाणवते. एवढी मोठी पोकळी निर्भयपणे सोडणे हे मला त्या पुस्तकातले सर्वांत मोठे कौशल्य वाटते.

माझी कादंबरीही मी तीन दिवसांत बांधली आहे: वडिलांचा तेरावा, हक्कसोडपत्राचा दिवस, आणि विकासकाचा माणूस पेढे घेऊन दारात येतो तो दिवस. कचेरीतला कारकून तीत कोठेही नाही. त्याला ठेवले असते तर तो माझ्या वतीने बोलू लागला असता. पहिले दोन भाग लिहून झाले आहेत. त्यांत भावास मी खलनायक होऊ दिलेले नाही, कारण तोही त्या घरात आईचे आजारपण काढीत राहिला आहे आणि बहिणीवर त्याची माया खरी आहे. तिसऱ्या भागात तिचा मुलगा येतो. तो मामाकडे वाटा मागणार आहे, कायदा बोलून दाखविणार आहे, आणि आईने आयुष्यभर जपलेले माहेर त्या एका दुपारी मोडणार आहे. त्याचे म्हणणेही न्याय्य आहे, आणि ते तितक्याच ममतेने लिहावयाचे आहे.