ऐच्छिक

'ऐच्छिक' या शब्दाइतका लबाड शब्द मराठीत दुसरा नसेल. आमच्या बँकेत साहेबांच्या निरोप समारंभाची वर्गणी ऐच्छिक असते; फक्त न देणाऱ्यांची यादी शिपायाच्या खिशात असते. लग्नातला आहेरही ऐच्छिकच. आकडा मात्र वहीत लिहून ठेवतात.

आयएसआय मार्क याच पंगतीतला. १९४७ साली भारतीय मानक संस्था निघाली आणि १९५२ च्या कायद्याने तिचा शिक्का आला. १९८७ साली तिची जागा भारतीय मानक ब्यूरोने घेतली, पण शिक्क्याचे नाव 'आयएसआय'च राहिले. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलीला माहेरी जुन्याच नावाने हाक मारतात, तसे! हा शिक्का घेणे मुळात कारखानदाराच्या मर्जीवर. पुढे सरकारने एकेका वस्तूला सक्ती लावली. प्रेशर कुकर आणि हेल्मेटला ती २०२१ साली लागली. पाणी तापवायच्या रॉडला त्याच्याही आधी.

परवा असाच एक रॉड घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "आयएसआय आहे, साहेब!" शिक्का होता खरा. पण खऱ्या शिक्क्याच्या वर मानकाचा क्रमांक असतो (रॉडसाठी आयएस ३६८) आणि खाली 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की कारखान्याचे नाव-पत्ता आणि परवान्याची मुदत समोर येते. इथे वरही काही नाही, खालीही काही नाही. खाते क्रमांक नसलेला चेक जन्मभर परत करणारा मी, हा कसा वटवणार?

"नंबर कुठाय?" मी विचारले.

"नंबर काय करायचाय, साहेब? आजवर एक तक्रार नाही."

"तक्रार करायला गिऱ्हाईक उरायला नको का?"

मागे रांगेतले कोणीतरी हसले. मला हसू आले नाही. आमच्याकडे पहाटे पाचला ओल्या पायांनी त्या बादलीपाशी जाणारी माणूस म्हणजे माझी आई. वय चौऱ्याहत्तर.

तीन दुकाने पालथी घातली. चौथ्यात नंबरवाला रॉड मिळाला, ऐंशी रुपये जास्त देऊन. सौ. म्हणाली, "ऐंशी रुपयांत चार अंकच जास्त मिळाले की!"

ते खरेच. पण सक्ती सरकारने कितीही करो, शिक्क्याखालचा नंबर वाचायचा की नाही हे अजून आपल्यासाठी ऐच्छिकच आहे. शॉक मात्र तसा नसतो.